परवानगी जाण्याची नको, तयारीची मागा

बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत रोज रात्री जेवताना एकच संवाद होतो. मुलगी म्हणते, मला जर्मनीला शिकायला जायचंय. आई म्हणते, आधी इथे पदवी घे, मग बघू. बाबा काही न बोलता ताटावरून उठतात. चार दिवसांत आवाज चढतात आणि विषय तिथेच अडकतो. मला वाटतं, इथे मुलीने मागितलेली गोष्टच चुकते. सतरा वर्षांच्या पोरीला एकटीला परदेशी धाडायला 'हो' म्हणावं, असं आईवडिलांच्या हाती त्या दिवशी काहीच नसतं. हट्ट असतो, आणि कुठल्या तरी एजंटाचं गुळगुळीत माहितीपत्रक असतं. ती निभावेल की नाही, हे कळायला वर्ष जावं लागतं. जर्मनीच्या बाबतीत तसं वर्ष तिथल्या नियमांनीच मिळतं.

आपली बारावी तिथल्या विद्यापीठाच्या थेट प्रवेशाला सहसा पुरत नाही. एक तर 'श्टुडिएनकोलेग' हा दोन सत्रांचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करावा लागतो, आणि त्याच्या प्रवेशपरीक्षेलाच साधारण बी-१ किंवा बी-२ पातळीचं जर्मन लागतं. नाहीतर इथे पदवीचं पहिलं वर्ष पार पाडायचं. मग काही अटींवर त्याच शाखेत थेट प्रवेश मिळू शकतो. म्हणजे मुलीने इथल्या कॉलेजात नाव घालावं आणि संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला बसावं. पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे, ऑनलाइन वर्गही आहेत. भाषा सोपी नाही. मराठीसारखी तीन लिंगं आहेत म्हणून पहिला आठवडा बरा जातो. मग कळतं की तिथे सूर्य स्त्रीलिंगी आणि आपली खुर्ची पुल्लिंगी. कॉलेजचा अभ्यास सांभाळून जी मुलगी हे घोकते आणि ए-१ पासून बी-१ पर्यंतच्या परीक्षा स्वतः फॉर्म भरून देते, तिच्या चिकाटीबद्दल आईवडिलांना वेगळं काही पटवावं लागत नाही. मधेच उत्साह ओसरला, तरी पदवीचं पहिलं वर्ष पदरात असतं आणि घरावर कर्ज नसतं.

पैशाचा आक्षेप सर्वांत खरा आहे, आणि 'तिथे शिक्षण फुकट असतं' या वाक्याने तो सुटत नाही. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही हे खरं, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. शिवाय व्हिसासाठी सहसा वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात आधी दाखवावे लागतात. आजच्या भावाने ही रक्कम बारा लाखांच्या आसपास जाते. ती फी नाही, मुलीचेच पैसे. दरमहा ९९२ युरो तिला परत मिळतात. त्यातून खोलीचं भाडं, आरोग्यविमा आणि किराणा भागवायचा. हा हिशेब वहीच्या एका पानावर तिने स्वतः मांडावा, म्युनिकचं भाडं आणि लाइपझिगचं भाडं शेजारी-शेजारी लिहून. सुट्टीतल्या कामाची कमाई त्यात धरू नये. आणि जिथे एजंटाच्या शब्दावर एखाद्या महागड्या खासगी कॉलेजासाठी शेत गहाण टाकायची वेळ येते, तिथे आईवडिलांचा नकार बरोबर आहे. मुलांनी तो ऐकावा.

उरतं ते भय: एकटी पोर, परकं गाव, आजारपण. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूरच्या कॉलेजात अमेरिकेला शिकायला निघालेल्या आनंदीबाई जोशी भाषणाला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना अठरा पूर्ण व्हायला महिना बाकी होता. अमेरिकेला का, एकटीच का, परतल्यावर वाळीत टाकलं तर काय, काही विपरीत घडलं तर काय, असे लोकांचे प्रश्न त्यांनी स्वतःच एकेक करून मांडले आणि त्यांची उत्तरं दिली. न्यू जर्सीतल्या कार्पेंटर बाईंशी त्यांचा पत्रव्यवहार आधीपासून होता. उतरायला ओळखीचं घर होतं. तरीही १८८६ मध्ये डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ ला क्षयाने गेल्या, बावीसही पूर्ण झाली नव्हती. तेव्हा आईच्या काळजीला जुनाट म्हणून उडवून लावायचा अधिकार कुणालाच नाही. आज जर्मनीत विम्याशिवाय विद्यापीठात नाव नोंदवता येत नाही, आणि व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो. पण ताप असताना स्वतःसाठी खिचडी टाकायची, डॉक्टरांची वेळ परक्या भाषेत फोनवरून मागायची, हे जमायला हवंच. तेही याच वर्षात, घरी असतानाच शिकता येतं.

'पदवीनंतर जा' हा सल्ला काही मुलांना लागू पडतो. ज्यांना अजून विषयच ठरवता आलेला नाही, त्यांनी तो मानावा. ज्यांचा विषय पक्का आहे, त्यांनी आज रात्री 'मी जाऊ का?' असं विचारू नये. जर्मनच्या पहिल्या वर्गाची फी भराल का, एवढंच विचारावं.