परक्या भाषेच्या दारात

दक्षिण अमेरिकेच्या पहिल्या प्रवासाला निघणारा माणूस माचू पिच्चूची प्रवेशपत्रे, गरम कपडे, औषधे आणि डॉलर यांची तजवीज कित्येक महिने आधी करतो. मात्र ज्या लोकांमध्ये काही आठवडे काढायचे आहेत त्यांच्याशी बोलायचे कसे, हा प्रश्न त्याच्या यादीत अगदी शेवटी येतो. पुष्कळदा येतच नाही. इंग्रजी आले की जगात कोठेही अडत नाही, अशी समजूत त्यामागे असते. विमानतळाबाहेर पडताच ती ढासळू लागते.

या खंडातील १२ स्वतंत्र देशांपैकी ९ देशांत स्पॅनिश ही राजभाषा आहे. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज, सुरिनाममध्ये डच आणि गयानामध्ये इंग्रजी चालते. त्यामुळे कोलंबियापासून चिलीच्या दक्षिण टोकापर्यंत बसच्या पाटीवर, खानावळीच्या फळ्यावर आणि औषधाच्या बाटलीवर स्पॅनिशच दिसते. मायदेशात जो सुशिक्षित म्हणून ओळखला जातो, तोच येथे बसची पाटी दुसऱ्याकडून समजावून घेतो आणि दुकानदारापुढे बोटांवर आकडे मोजतो. अक्षरओळख नसलेल्या माणसाला आपल्या समाजात रोज जी अडचण आणि जो संकोच सोसावा लागतो, त्याची चव त्याला प्रथमच कळते. हा अनुभव कटू असला तरी मोलाचा आहे. अज्ञान हा बुद्धीचा दोष नसून संधीचा अभाव असू शकतो, हे एरवी पुस्तकात वाचलेले सत्य येथे अंगावर येते.

यावर उपाय एकच, आणि तो फारसा कठीण नाही. प्रवाशाने पुन्हा विद्यार्थी व्हावे. मराठी माणसाला तर स्पॅनिश तितकी परकी वाटण्याचे कारण नाही. तिचे शब्द बहुतांशी लिहिल्याप्रमाणेच उच्चारले जातात. तिच्यातील त आणि द हे मराठीसारखेच दंत्य आहेत. निर्जीव वस्तूंनाही ती लिंग देते. समवयस्कासाठी ती चक्क ‘तू’ हाच शब्द वापरते आणि आदरार्थी ‘उस्तेद’ म्हणते. क्रियापदही त्याप्रमाणे बदलते. ‘बुएनोस दिआस’ म्हणजे सुप्रभात, ‘पोर फावोर’ म्हणजे कृपा करून, ‘ग्रासियास’ म्हणजे आभारी आहे. अशा शंभरेक शब्दांची शिदोरी जवळ असली तरी पुष्कळ दारे उघडतात.

आता हातातला मोबाइलच भाषांतर करून देतो, मग हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. यंत्राची सोय नाकारण्याचे कारण नाही. आजारपणात किंवा पोलीस चौकीत तिचा मोठा आधार असतो. परंतु यंत्र केवळ अर्थ पोहोचवते. चुकतमाकत का होईना, समोरच्याच्या भाषेत बोलू पाहणारा माणूस त्याहून अधिक काही पोहोचवतो. तुमची भाषा शिकण्याजोगी आहे, असे तो न बोलता सांगत असतो. बाजारात बसलेल्या बाईला हा आदर तत्काळ समजतो.

आणि त्या बाजारात ऐकण्यासारखे खूप असते. पेरू देशातील कुस्को हे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर वसले आहे. तेथील बाजारात जांभळ्या, काळ्या, तांबड्या बटाट्यांच्या राशी दिसतात. बटाट्याची शेती प्रथम याच अँडीज पर्वतात हजारो वर्षांपूर्वी सुरू झाली. रात्रीच्या हिमात गोठवून, पायांनी तुडवून आणि उन्हात वाळवून तेथील शेतकरी बटाटा वर्षानुवर्षे टिकवतात. भुईमूग आणि साबुदाण्याचा कंद हीदेखील दक्षिण अमेरिकेचीच देणगी. मराठी घरातील उपवासाची खिचडी ज्या शेतकऱ्यांच्या पूर्वजांनी शक्य केली, त्यांच्यासमोर उभे राहून केवळ छायाचित्र टिपणे हे करंटेपणाचे लक्षण होय.

मात्र स्पॅनिश आली म्हणजे सारे कळले, असेही मानू नये. ती भाषा १६व्या शतकात जेत्यांबरोबर आली. तिच्याआधीच्या केचुआ, आयमारा, ग्वारानी या भाषा आजही लाखो लोकांच्या घरात नांदतात. पॅराग्वेने १९९२ च्या संविधानाने ग्वारानीला स्पॅनिशच्या बरोबरीचे स्थान दिले; बोलिव्हियाने २००९ मध्ये स्पॅनिशसह ३६ देशी भाषांना राजमान्यता दिली. माचू पिच्चूचा ‘शोध’ १९११ मध्ये अमेरिकी प्राध्यापक हिराम बिंगहॅम यांनी लावला, असे सांगण्याची प्रथा आहे. परंतु त्यांना वाट दाखवणारे स्थानिक लोकच होते आणि त्या जुन्या पायऱ्यांच्या शेतांवर काही कुटुंबे त्या वेळी पीकही घेत होती. ज्यांना ते स्थळ ठाऊक होते त्यांची भाषा जगाच्या कानी पडली नाही, एवढाच याचा अर्थ.

या खंडाच्या भारतीय प्रवाशांत रवींद्रनाथ टागोरांचे उदाहरण विचार करायला लावणारे आहे. पेरूच्या निमंत्रणावरून निघालेले रवींद्रनाथ १९२४ च्या नोव्हेंबरमध्ये आजारी अवस्थेत अर्जेंटिनातील ब्युनोस आयरेसला उतरले आणि पेरूला पोहोचूच शकले नाहीत. ठरवलेले काहीच पाहता आले नाही. तरीही तो प्रवास व्यर्थ गेला नाही. व्हिक्टोरिया ओकाम्पो या लेखिकेने त्यांची शुश्रूषा केली आणि पुढे ‘पूरबी’ हा काव्यसंग्रह त्यांनी तिलाच अर्पण केला. रवींद्रनाथांना स्पॅनिश येत नव्हती. पण ओकाम्पो यांनी ‘गीतांजली’ फ्रेंच अनुवादातून आधीच वाचली होती. अर्धी वाट यजमानीणच चालून आली होती.

सामान्य प्रवाशाच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच येते. त्याला आपली अर्धी वाट स्वतःच चालावी लागते. ती घरी बसून, निघण्यापूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत, रोज चार शब्द पाठ करून चालता येते. आणि वय कितीही असले तरी त्यासाठी उशीर झालेला नसतो.