घंगाळातले पाणी

आज पवित्र गुरुवार. संध्याकाळी वसईपासून मुंबईपर्यंत चर्चमध्ये वेदीपुढे बारा जण ओळीने बसतील. धर्मगुरू वरचा झगा उतरवून कमरेला पंचा बांधतील, एकेकापुढे गुडघे टेकतील, पायांवर पाणी घालतील आणि ते पुसून कोरडे करतील. योहानाच्या शुभवर्तमानातल्या 13व्या अध्यायाची ही आठवण आहे. काही तासांतच आपल्याला धरून नेणार, हे ठाऊक असताना येशूने घंगाळ पुढे ओढले. पाय धुणे तेव्हा घरच्या नोकराचे काम होते. पेत्र ओशाळून नको म्हणाला. विश्वासघात करणारा यहूदाही त्याच पंगतीत होता, त्याचेही पाय धुतले गेले.

पाहुणा दारात आला की आधी पाय धुवायला तांब्याभर पाणी द्यायचे, ही रीत आपल्याला नवी नाही. पण शहापूर तालुक्यातल्या आटगावच्या आसपासच्या पाड्यांवर या दिवसांत तो तांब्याच जड होतो. इथले तानसा धरण 1892 सालापासून मुंबईला पाणी पाजते आहे, नंतर भातसा धरणही आले. त्याच तालुक्यात उन्हाळ्यात कितीतरी पाडे टँकरची वाट पाहतात. विहिरीच्या तळाशी उतरलेली बाई झिरपणारे पाणी वाटीने हंड्यात भरते. वर चढताना तिच्या टाचा दिसतात : भेगाळलेल्या आणि भेगांत लाल माती बसलेल्या. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबांचे पाय तर पावसाळा तोंडावर येईपर्यंत घरी परतत नाहीत. आजच्या दिवशी कोणाचे पाय आठवावेत, हे आटगावात वेगळे सांगायला नको.

पाय धुणाऱ्याला समोरच्याकडे मान वर करूनच पाहावे लागते. ख्रिस्ती सेवेचे सगळे मर्म या खाली बसण्यात आहे. उंचावरून दिलेले दान घेणाऱ्याला खालीच ठेवते, खाली बसून केलेली सेवा त्याला उभे करते.

महाराष्ट्राने हे डोळ्यांनी पाहिले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले ख्रिस्ती दांपत्य. शहरात त्यांना काही कमी पडले नसते, पण 1970 साली ते जामखेडला आले. तिथे त्यांनी वैद्यकाचे ज्ञान स्वतःच्या मुठीत ठेवले नाही. बाळंतपण, जुलाब, लसीकरण, कुष्ठरोगाची खूण हे सारे त्यांनी खेड्यातल्या बायकांना शिकवले. त्यांतल्या अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते, त्यांच्याच हातून गावाने औषध घेतले. दुष्काळात हातपंप बसवताना ते दलित वस्तीत बसावेत, असा आरोळेंचा आग्रह होता. पाण्यासाठी सगळ्या गावाला त्या वस्तीची वाट धरावी लागली. 1979 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एरवी कोपऱ्यात बसणारी बाई गावाची आरोग्यसेविका झाली.

त्याआधी पंडिता रमाबाईंनी हीच वाट चालून दाखवली होती. इंग्लंडमध्ये फुलहॅम इथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या आणि ख्रिस्ताची करुणा त्यांना तिथे उमगली. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना त्यांनी स्वतः जाऊन आणले. केडगावचे मुक्ती सदन त्यातूनच वाढले.

सेवेच्या मागे काही हेतू तर नाही ना, ही शंका समाजात आहे. तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. तिला उत्तर यहूदाच्या पायांत आहे. जो काही परत देणार नाही, उलट घात करील, त्याचेही पाय धुवायचे. मत, धर्म, फोटो, आभार, यांतले काहीही मोबदला म्हणून मागितले की ती सेवा उरत नाही.

म्हणून आज प्रार्थनेहून परतणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. उद्यापासून कोणा एकासाठी वेळ काढा. आजारी माणसाबरोबर शहापूरच्या सरकारी दवाखान्यातल्या रांगेत उभे राहा. कातकरी पोराच्या जातीच्या दाखल्यासाठी त्याच्या बापाबरोबर तहसीलीत जा. पाड्यावर टँकर कधी आला होता, हे तिथल्या बाईलाच विचारा आणि ती बोलेल तेवढा वेळ तिच्याशेजारी जमिनीवर बसा. वेदीपुढचे घंगाळ आज रात्री रिकामे होईल, ते उद्या भरायचे काम आपले आहे.