दादा टीम आणि बस फॅक्टर

"जगातली आजवरची सगळ्यात दादा टीम कोणती?" हा विषय कुठल्याही चार मित्रांत काढून बघा. दहा मिनिटांत आवाज चढतात, पंधराव्या मिनिटाला कोणीतरी मोबाईलवर आकडे काढतं आणि अर्ध्या तासाने गाडी मूळ प्रश्न सोडून 'सचिन की कोहली' या स्टेशनावर येऊन थांबते. क्रिकेटवाला ऑस्ट्रेलियाचं नाव घेतो, वयाने जरा मोठा असेल तर वेस्ट इंडिजचं. रात्री जागून एनबीए बघणारा शिकागो बुल्स म्हणतो. फॉर्म्युला वनवाला तावातावाने सांगतो की २०२३ मध्ये रेड बुलने २२ पैकी २१ रेस जिंकल्या, म्हणजे विषय संपला. (नाही संपला. पुढच्याच वर्षी हीच रेड बुल कन्स्ट्रक्टर्सच्या टेबलमध्ये तिसरी आली.)

गंमत म्हणजे यातलं कोणीच चूक नसतं, कारण प्रत्येकजण वेगळी गोष्ट मोजत असतो. एक ट्रॉफ्या मोजतो, दुसरा सलग विजय, तिसरा विजयाचा फरक, आणि चौथा 'तेव्हा बघताना काय भीती वाटायची यार' हे मोजतो. मला या चारही मापांबद्दल आदर आहे, पण माझं माप पाचवं आहे आणि ते मी आमच्या धंद्यातून उचललंय.

सॉफ्टवेअरमध्ये 'बस फॅक्टर' नावाचा एक जरा क्रूर शब्द आहे. प्रोजेक्टमधली किती माणसं उद्या बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा म्हणजे बस फॅक्टर. आकडा एक असेल तर समजावं की परिस्थिती गंभीर आहे. एकच माणूस, त्यालाच सगळा कोड माहीत, आणि त्याच्या लग्नाच्या रजेतसुद्धा त्याला फोन. अशा माणसाला आपल्याकडे 'रॉकस्टार' म्हणून ॲवॉर्ड देतात, खरं तर ॲवॉर्ड देण्याऐवजी मॅनेजरची झोप उडायला हवी. असो. तर माझा प्रश्न असा: टीममधला सर्वोत्तम माणूस काढून घ्या. मग दुसराही काढा. तरी ती जिंकते का?

या चाळणीतून भलेभले गळतात. बोस्टन सेल्टिक्स घ्या. १९५७ ते १९६९ या तेरा सीझन्समध्ये अकरा विजेतेपदं, त्यातली १९५९ ते १९६६ सलग आठ. नुसता आकडा बघून कोणीही नमस्कार करेल. (लीगमध्ये सुरुवातीला आठच टीम्स होत्या हे सेल्टिक्सवाले हळू आवाजात सांगतात.) त्या तेरा वर्षांत बॉब कूझीसारखा माणूस निवृत्त झाला, बाकीचे आले-गेले, विजेतेपदं येतच राहिली. पण एक माणूस अकराच्या अकरा वेळा होता: बिल रसेल. शेवटच्या दोन वेळेस तर खेळाडूही तोच आणि कोचही तोच. १९६९ मध्ये तो आणि सॅम जोन्स निवृत्त झाले आणि पुढच्याच सीझनला सेल्टिक्स प्लेऑफमध्येसुद्धा पोचले नाहीत.

बुल्सची गोष्ट मात्र जरा वेगळी निघते. १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये जॉर्डन सगळं सोडून बेसबॉल खेळायला गेला. बुल्स कोसळायला हवे होते ना? त्या सीझनला ते ५५ मॅच जिंकले, आदल्या वर्षीपेक्षा फक्त दोन कमी! अर्थात ट्रॉफी नाही आली, प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत निक्सनी त्यांना सातव्या मॅचमध्ये घरी पाठवलं. म्हणजे जॉर्डनशिवाय ती चांगली टीम होती आणि जॉर्डनसकट दादा टीम. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

ऑस्ट्रेलियाबद्दल लिहिताना माझा हात थरथरतो, कारण आमच्या पिढीचं सगळं शाळा-कॉलेज त्यांच्या दहशतीत गेलं. १९९९, २००३, २००७ असे सलग तीन वर्ल्ड कप, त्यातल्या शेवटच्या दोन्हींत अकरापैकी अकरा मॅच जिंकून. वर्ल्ड कपमध्ये ओळीने ३४ मॅच ते हरले नाहीत. सलग सोळा टेस्ट जिंकण्याचा पराक्रम दोनदा, आणि दोन्ही वेळा घोडदौड रोखली ती आपणच, २००१ मध्ये ईडनवर आणि २००८ मध्ये पर्थला. (हे वाक्य लिहिण्याची संधी मी सोडणं शक्यच नव्हतं.) पण बस फॅक्टर? २००५ च्या ॲशेसमध्ये एजबॅस्टन टेस्टच्या सकाळी वॉर्म-अप करताना ग्लेन मॅकग्राचा पाय जमिनीवर पडलेल्या चेंडूवर पडला. बस नाही, रिक्षा नाही, एक चेंडू! त्या सिरीजमधल्या दोन टेस्ट तो खेळू शकला नाही, एजबॅस्टन आणि ट्रेंट ब्रिज. ऑस्ट्रेलिया नेमक्या त्याच दोन हरली आणि ॲशेस गेली. पुढे २००७ च्या जानेवारीत वॉर्न आणि मॅकग्रा एकत्र निवृत्त झाले, आणि तीन वर्षांच्या आत आधी भारतात, मग घरच्या मैदानावर दक्षिण आफ्रिकेकडून आणि मग पुन्हा इंग्लंडमध्ये असे तीन पराभव पदरी पडले.

वेस्ट इंडिजचे मार्क मी जास्त देतो. १९८० ते १९९५ अशी पंधरा वर्षं ते एकही टेस्ट सिरीज हरले नाहीत. रॉबर्ट्स, होल्डिंग, क्रॉफ्ट, गार्नर गेले तर मार्शल, वॉल्श, ॲम्ब्रोज आले. लॉईड गेला तर रिचर्ड्स आला, आणि कॅप्टन म्हणून तो एकही सिरीज हरला नाही. १९९१ मध्ये आयसीसीने एका ओव्हरमध्ये एका बॅट्समनला एकच बाउन्सर असा नियम आणला. नियम बदलावा लागणं याहून मोठी पावती कोणती? तरीही ते आणखी चार वर्षं टिकले. पण मग नवे फास्ट बोलर येणं थांबलं आणि कळलं, की ही रांग कोणी लावलेली नव्हती. ती लागली होती. ती आपोआप लागली तशी आपोआप संपली. १९९८-९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ०-५.

आता भारतीय हॉकी. इथे मला शिव्या बसणार हे माहीत आहे. १९२८ ते १९५६ सहा ऑलिंपिक, सहा सुवर्णं. १७८ गोल केले, ७ खाल्ले. हे टायपिंगची चूक वाटावी असे आकडे आहेत. आणि बस फॅक्टरच्या परीक्षेतही ही टीम भारी आहे: १९३६ नंतर ध्यानचंद ऑलिंपिकला नाहीत, मध्ये बारा वर्षं महायुद्धाने खाल्ली, फाळणीत खेळाडू विभागले गेले, आणि तरी १९४८ मध्ये वेम्बलीवर ब्रिटनला ४-०. स्वतंत्र झाल्यावर एका वर्षाच्या आत, त्यांच्याच घरात. ती एकच मॅच मी दहा वर्ल्ड कपच्या बरोबरीने धरायला तयार आहे.

पण समोर कोण होतं हेही बघावं लागतं. १९३२ च्या लॉस एंजेलिसला हॉकीत तीनच टीम्स होत्या. भारताने अमेरिकेला २४-१ हरवलं, जपानला ११-१. अमेरिका दोन्ही मॅच हरली आणि ब्राँझ घेऊन गेली! ज्या ब्रिटनने हा खेळ आपल्याकडे आणला ते १९२८ ते १९३६ या तिन्ही ऑलिंपिकच्या हॉकीत उतरलंच नाही. आणि पुढच्या घसरणीचं खापर आपण जे ॲस्ट्रोटर्फवर फोडतो ते मला कधीच पटलेलं नाही. टर्फ ऑलिंपिकमध्ये आलं १९७६ ला. आपण पाकिस्तानकडून पहिली फायनल हरलो १९६० ला, तीही गवतावर. १९६८ आणि १९७२ ची ब्राँझही गवतावरचीच. टर्फने पुढे कंबरडं मोडलं हे खरं, पण पाय त्याआधीच लटपटत होते.

आणि आता माझ्या खऱ्या लाडक्या टीमकडे येतो. १९५८-५९ ते १९७२-७३ मुंबई सलग पंधरा वर्षं रणजी जिंकली. मागेपुढे बघितलं तर आकडा आणखी फुगतो. १९५५-५६ ते १९७६-७७ या बावीस सीझन्सपैकी वीस मुंबईचे. उरलेले दोन बडोदा आणि कर्नाटकचे. बिचाऱ्या राजस्थानने १९६०-६१ पासूनच्या दहा वर्षांत सात फायनल मुंबईशी खेळल्या आणि सातही हरल्या. विनू मंकड, विजय मांजरेकर असे आधी मुंबईकडून खेळलेले लोक त्यांच्याकडून खेळूनही.

पण मला भावतो तो यातला एकच सीझन, १९७०-७१. वाडेकर, सरदेसाई, सोलकर, अशोक मंकड आणि नवा पोरगा गावस्कर असे पाचजण वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर. तिथे सरदेसाईने ६४२ आणि गावस्करने ७७४ रन्स केल्या, आपण तिथे पहिल्यांदा सिरीज जिंकलो, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच काळात इकडे सुधीर नाईकच्या कप्तानीखाली उरलेली मुंबई रणजी खेळत होती. पाच टेस्ट प्लेयर नसलेली. आणि ती महाराष्ट्राला हरवून रणजी जिंकली! पाच माणसं एकाच बसखाली (विमानात म्हणा हवं तर) गेली आणि प्रोजेक्ट वेळेवर डिलिव्हर झाला. मला जगातल्या कुठल्याही खेळात याला तोड चटकन आठवत नाही.

हे जादूने होत नव्हतं. खाली शाळांची हॅरिस शील्ड आणि गाइल्स शील्ड, मग क्लब क्रिकेट, भर पावसाळ्यात ओल्या खेळपट्ट्यांवरची कांगा लीग, आणि वर ऑफिसांची टाइम्स शील्ड, जिच्यामुळे बँका आणि कंपन्या क्रिकेटर्सना नोकऱ्या द्यायच्या. मैदानावर जागा मिळवायचीच मारामारी होती, तर टीममध्ये किती असेल. मुंबईकडे पैसा आणि नोकऱ्या होत्या, बाकीच्यांकडे नव्हत्या, हा आक्षेप मला मान्य आहे. पण पैसा असूनही काही न करणाऱ्या टीम्सची यादी काढली तर हा ब्लॉग पुरणार नाही.

तरी माझा पहिला नंबर मुंबईला नाही. मुंबईची दादागिरी देशापुरती होती. पहिला नंबर दक्षिण कोरियाच्या महिला तिरंदाजी टीमला. टीम इव्हेंट ऑलिंपिकमध्ये आला १९८८ ला, आणि तेव्हापासून २०२४ पर्यंतच्या दहाही ऑलिंपिकचं सुवर्ण त्यांचं. छत्तीस वर्षं! मधल्या काळात पॉइंट्सची बेरीज जाऊन सेट पद्धत आली, जिच्यात एखाद-दुसऱ्या खराब बाणाने मॅच फिरू शकते. काही फरक पडला नाही. वैयक्तिक सुवर्ण मात्र २००८ मध्ये चीनच्या झांग ज्वानज्वानने त्यांच्या हातून काढून घेतलं होतं, म्हणजे एकेकटी कोरियन मुलगी हरू शकते. टीम हरत नाही.

आणि त्यांचा बस फॅक्टर काढायला गेलं तर कॅल्क्युलेटर एरर देईल, कारण ते स्वतःच दर वेळी बस फिरवतात. कोरियात टीमची निवड महिनोन् महिने चालणाऱ्या चाचण्यांतून होते आणि मागच्या मेडलला तिथे काडीची किंमत नसते. टोकियो ऑलिंपिक एक वर्ष पुढे ढकललं गेलं तेव्हा त्यांनी निवड पुन्हा पहिल्यापासून केली. टोकियोच्या तिन्ही मुली पहिल्यांदाच ऑलिंपिक खेळत होत्या. त्यातल्या आन सानने तिथे तीन सुवर्णं जिंकली. २०२४ च्या पॅरिससाठी ती टीममध्ये निवडलीच गेली नाही. तिथेही पुन्हा तीन नव्या मुली, फायनलमध्ये चीनशी ४-४, शूट-ऑफ, आणि सुवर्ण कोरियाला.

आपल्याकडे असं झालं असतं तर? तीन सुवर्णं घेतलेली मुलगी घरी, आणि जिचं नाव कोणाला माहीत नाही ती ऑलिंपिकला. चॅनेल्सवर आठवडाभर चर्चा, मंत्र्यांचं ट्वीट आणि एखादी वाइल्ड कार्ड. मीही बहुतेक 'अन्याय अन्याय' म्हणून ओरडणाऱ्यांतच असतो.

कारण अन्याय होतोच. बस फॅक्टर मोठा असणं मॅनेजरला छान वाटतं, पण त्यात राहणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ असा की तुझ्यावाचून आमचं काही अडत नाही. पद्माकर शिवलकर आठवा. १९७२-७३ च्या फायनलमध्ये चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध एका इनिंगमध्ये १६ रन्समध्ये ८ विकेट, दुसरीत १८ रन्समध्ये ५. फर्स्ट क्लासमध्ये ५८९ विकेट. दुसऱ्या कुठल्याही दशकात हा माणूस पन्नास टेस्ट खेळला असता. तेव्हा भारताकडे डावखुरा स्पिनर म्हणून बेदी होता, आणि शिवलकर २०२५ च्या मार्चमध्ये गेले तेव्हा त्यांच्या नावापुढे टेस्ट मॅचेस शून्य होत्या. हरियाणाच्या राजिंदर गोयलचंही तेच, रणजीत ६३७ विकेट आणि टेस्ट शून्य.

मुंबईची ती पंधरा वर्षांची माळ तुटली पुढच्याच सीझनला, बंगलोरच्या सेमीफायनलमध्ये. प्रसन्नाने गावस्करला बोल्ड काढलं, वाडेकर रन आऊट झाला, आणि पहिल्या इनिंगच्या लीडवर कर्नाटक पुढे गेलं. मग पुढची तीन वर्षं परत मुंबईच. वाद घालायचाच असेल तर मुंबई दुसरी की हॉकी दुसरी, यावर घाला. पहिल्या नंबरवर मी ऐकून घेणार नाही.