ज्ञानसंवाद : पाटी कीं वही?

घरांतील मुलामुलींस संगणकाची भाषा शिकतांना पाहून वडील मंडळींची बहुधा अशी समजूत होते कीं, हें सारें आंकडेमोडीचें व यंत्राचें काम असून त्यांत आपण डोकावण्यासारखें कांहीं नाहीं. ही समजूत बरोबर नव्हे. ज्याला व्याकरणाची थोडी गोडी आहे व न्यायशास्त्राची तोंडओळख आहे, त्याला या भाषांचा पुष्कळसा भाग ओळखीचाच वाटेल. या महिन्यांत 'जावा' नामक भाषेंत आपला मजकूर फाइलींत कसा सांठवितात, एवढ्या एकाच विषयाचा विचार करूं. विषय लहान दिसतो. परंतु घरचे हिशेब, कागदपत्रें व वंशावळी आपण दिवसेंदिवस यंत्राच्या स्वाधीन करीत असल्यामुळें तो समजून घेणें अगत्याचें आहे.

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनींत जेम्स गॉस्लिंग व त्यांचे सहकारी यांनीं तयार केली आणि ती १९९५ सालीं लोकांपुढें आली. पुढें २०१० सालीं ती कंपनी ओरॅकल कंपनीनें घेतली. जावा ही वस्तुप्रधान भाषा आहे. म्हणजे तिचा सर्व व्यवहार 'क्लास' आणि 'ऑब्जेक्ट' या दोन कल्पनांवर चालतो. नैयायिक जाति आणि व्यक्ति असा जो भेद करितात, तोच स्थूलमानानें येथें आहे. गोत्व ही जाति, दारांतली कपिला ही व्यक्ति. त्याप्रमाणें क्लास ही जाति. आणि 'न्यू' हा शब्द योजून तिच्यापासून जी एकेक व्यक्ति निर्माण करावयाची, ती ऑब्जेक्ट. व्यक्तीनें काय काय करावें हें जातींत आधींच सांगून ठेवलेलें असतें.

जावांत 'फाइल' नांवाचाच एक क्लास आहे, आणि नवशिक्याची पहिली फसगत येथेंच होते. 'न्यू फाइल' असें लिहून कंसांत 'वंशावळ' हें नांव घातलें, कीं डिस्कवर त्या नांवाची फाइल तयार झाली असें त्याला वाटतें. वस्तुतः डिस्कवर कांहींच झालेलें नसतें. हा ऑब्जेक्ट केवळ नांवाचा आणि ठिकाणाचा वाचक आहे. त्या ठिकाणीं ती वस्तु असेल किंवा नसेलहि. नांव ठरविलें म्हणून मूल जन्माला येत नाहीं. वस्तु खरोखर हवी असेल तर त्या ऑब्जेक्टला 'क्रिएट न्यू फाइल' अशी आज्ञा करावी लागते. ही आज्ञा मोठी जपून वागते. त्या नांवाची फाइल नसेल तर ती रिकामी फाइल निर्माण करून 'ट्रू' असें उत्तर देते. आधींच असेल तर तिला हात न लावतां 'फॉल्स' म्हणून सांगते.

प्रत्यक्ष लिहिण्याचें काम 'फाइल-रायटर' या क्लासाकडे असतें. त्याला नुसतें नांव दिलें, तर फाइल नसल्यास तो ती निर्माण करितो, आणि असल्यास उघडतो. परंतु उघडतांक्षणींच तिच्यांतील सर्व मजकूर पुसून टाकितो. नवें पहिलें अक्षर उमटण्यापूर्वींच जुनें सगळें गेलेलें असतें. मात्र नांवापुढें स्वल्पविराम देऊन 'ट्रू' हा एवढाच शब्द जोडला, तर जुन्याला धक्का न लागतां नवा मजकूर त्याच्या शेवटीं लिहिला जातो. पहिला प्रकार शाळेंतल्या पाटीचा, दुसरा पेढीवरच्या रोजकीर्दीचा. पाटी पुसल्यावांचून पुढचें गणित मांडतां येत नाहीं, आणि कीर्द पुसणाऱ्या कारकुनाला पेढीवर कोणी ठेवीत नाहीं. दोन्ही साधनें आपापल्या जागीं योग्यच. वहीच्या जागीं पाटी घेतली कीं अनर्थ होतो.

आमच्या नात्यांतील एका घरीं हा अनर्थ प्रत्यक्ष घडला. त्या घराण्याच्या जुन्या वंशावळींत केवळ पुरुषांचींच नांवें आहेत; लेकीसुनांचीं नांवें नव्वदीच्या घरांत पोंचलेल्या एका आत्याबाईंच्या स्मरणांत तेवढीं उरलीं होतीं. कोणाची मुलगी कोणत्या गांवीं दिली, कोणती सून कोठून आली, हें सर्व त्यांना मुखोद्गत. धाकट्या सूनबाई जावा शिकत होत्या. त्यांनीं तीं नांवें उतरून घेण्यासाठीं एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. रोज दुपारीं आत्याबाईंनीं सांगावें व सूनबाईंनीं लिहावें, असा क्रम आठ दिवस चालला. नवव्या दिवशीं फाइल उघडून पाहतात, तों तींत आदल्या दुपारचीं काय तीं सात नांवें! प्रत्येक बैठकीनें आदल्या बैठकीचा मजकूर पुसला होता. यंत्रानें एकदांहि तक्रार केली नाहीं, कारण त्याच्या दृष्टीनें काम सांगितल्याबरहुकूमच झालें होतें. आत्याबाई रागावल्या नाहींत. "पुन्हां सांगतें हो, लिही तूं," एवढेंच म्हणाल्या. या खेपेस 'ट्रू' जोडून सर्व लिहून झालें. परंतु पणजीच्या धाकट्या बहिणीचें नांव आत्याबाईंना दुसऱ्यांदा आठवेना. पहिल्या खेपेस तें सांगितल्याचें दोघींनाहि पक्कें स्मरतें. नांव मात्र एकीलाहि स्मरत नाहीं.

हें टाळण्याचा याहून चांगला मार्गहि जावांत आहे. २०११ सालच्या सातव्या आवृत्तींत 'फाइल्स' असा अनेकवचनी नांवाचा क्लास आला. त्याच्या द्वारें फाइल उघडतांना आपला हेतु स्पष्ट शब्दांत सांगतां येतो. 'क्रिएट न्यू' म्हटलें, तर त्या नांवाची फाइल आधीं असल्यास काम तेथेंच थांबतें. 'क्रिएट' आणि 'अपेंड' असें दोन्ही म्हटलें, तर नसल्यास नवी फाइल होते व असल्यास शेवटीं भर पडते. हेतु मुळींच सांगितला नाहीं, तर मात्र येथेंहि पाटीचाच नियम लागू.

दुसरी गोष्ट अशी कीं, लिहिलें म्हणजे पोंचलें असें समजूं नये. एकेका अक्षरासाठीं डिस्कपर्यंत खेप घालणें फार वेळखाऊ, म्हणून 'बफर्ड-रायटर' अक्षरें आधीं एका भांड्यांत गोळा करितो. या भांड्याचें नेहमींचें माप ८१९२ अक्षरांचें. वाढपी जसा भांडें भरून पंगतींत येतो, एकेका शितासाठीं स्वयंपाकघराकडे धांवत नाहीं, तसेंच हें. भांडें भरलें कीं तें पुढें रितें होतें. पण शेवटचें अर्धें भरलेलें भांडें 'फ्लश' किंवा 'क्लोज' म्हटल्याशिवाय पोंचेल याची हमी नाहीं. 'क्लोज' विसरल्यानें कित्येकांच्या लिखाणाचा शेवटचा भाग असा वाटेंतच राहतो. याहि बाबतींत सातव्या आवृत्तीनें सोय केली आहे. 'ट्राय' या शब्दापुढील कंसांत रायटर उघडला, तर काम सुरळीत संपो अथवा मध्येंच विघ्न येवो, त्याला बंद करण्याचा भार भाषाच उचलते. एकाएकीं वीज गेली तर मात्र तिचाहि इलाज चालत नाहीं.

विघ्नांचा विचार जावानें वैयाकरणासारखा केला आहे. सामान्य नियम तो उत्सर्ग, आणि त्याला बाध आणणारा विशेष तो अपवाद. डिस्क भरलेली असणें, लिहिण्याची परवानगी नसणें, हे फाइलीच्या कामांतले अपवाद. त्यांस 'आयओ-एक्सेप्शन' म्हणतात. असा प्रसंग आल्यास काय करावयाचें, किंवा तो कोणाकडे सोंपवावयाचा, हें लिहून ठेवल्याशिवाय जावाचा कंपायलर प्रोग्रॅम पुढें जाऊंच देत नाहीं. मुलांस हा जाच वाटतो. पण संकटाचा विचार आधीं करावयास लावणारा गुरु वाईट नव्हे.

शेवटचा मुद्दा आपल्या लिपीचा. यंत्र अक्षर ओळखत नाहीं, अंक ओळखतें. कोणत्या अक्षरास कोणता अंक, हें युनिकोड ठरवितें. त्याची पहिली आवृत्ति १९९१ सालची. 'यूटीएफ-८' या पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. 'कमला' या नांवांत क, म, ल व काना मिळून चार चिन्हें, म्हणून बारा बाइट. २०२२ सालीं निघालेल्या अठराव्या आवृत्तीपूर्वीं, पद्धति सांगितली नाहीं तर फाइल-रायटर त्या त्या संगणकावर ठरलेली पद्धति घेई. ती केवळ पाश्चात्त्य लिपींपुरती असेल, तर 'कमला' लिहिलें असतां फाइलींत चार प्रश्नचिन्हें उमटत. तीं वाचण्यांतला दोष नव्हत. प्रश्नचिन्हेंच सांठविलेलीं असत, आणि त्यांतून पुन्हां कमला निघत नसे. अठराव्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हाच सर्वसाधारण नियम झाला. जुन्या आवृत्तीवर काम करणारानें मात्र पद्धतीचें नांव स्वतः लिहावें.

तेव्हां घरांतील कोणी मूल "मी हें संगणकांत ठेवतों" असें म्हणालें, तर वडील मंडळींनीं त्याला तीन प्रश्न अवश्य विचारावे : पाटी घेतलीस कीं वही? लिहून झाल्यावर बंद केलीस कां? अक्षरांची पद्धति कोणती? आणि उत्तरें समाधानकारक आलीं तरी त्याच दिवशीं फाइल पुन्हां उघडून मोठ्यानें वाचावयास लावावी, व ज्यानें मजकूर सांगितला त्यानें ती ऐकावी. राहिलेलें किंवा चुकलेलें नांव सांगणारें माणूस समोर बसलेलें आहे, तोंवरच तें पुरें करून घेतां येतें.