आजार लपवू नका, कागद जपून ठेवा

घरातलं कोणी नोकरीसाठी परदेशी निघालं आहे का? त्याला मनाचा आजार आहे, किंवा मागे कधी होऊन गेला आहे? मग पुढचं जरा निवांत बसून वाचा.

तुम्हाला घाबरवायचं नाही. औषधं नीट चालू असली की अशी कितीतरी माणसं परदेशात चांगल्या नोकऱ्या करतात, संसार करतात. पण काही देशांत अमली पदार्थ बाळगल्याबद्दल मृत्युदंड होतो. तिथे पकडलेला माणूस परका असतो, त्याला भाषा येत नाही. त्यात तो आजारी असला तर त्याचं म्हणणं कोणाला धड कळतही नाही. त्याच्या वतीने बोलायची तयारी घरूनच करावी लागते.

अकमल शेख यांचं उदाहरण घ्या. ते ब्रिटिश नागरिक. लंडनमध्ये त्यांचा टॅक्सीचा धंदा होता. घरचे सांगतात की हळूहळू त्यांचं वागणं बदलत गेलं. आपण मोठे गायक होणार, आपल्या गाण्याने जगात शांतता येणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. 'तुम्हाला स्टार करतो' म्हणणारी माणसं भेटली. ताजिकिस्तानात दुशान्बेला त्यांतल्या एकाने हातात सूटकेस दिली. विमानात जागा नाही, तुम्ही पुढे व्हा, मी मागून येतो, असं त्याने सांगितल्याचं शेख यांचं म्हणणं होतं. सप्टेंबर २००७ मध्ये ते चीनमधल्या उरुमची विमानतळावर उतरले. बॅगेत चार किलो हेरॉइन निघालं.

मानसिक आजाराने भान गेलेल्या माणसाला जबाबदार धरू नये, हे चीनच्या फौजदारी कायद्यातही आहे. पण शेख यांची मानसिक तपासणी झालीच नाही. ब्रिटनहून गेलेल्या तज्ज्ञाला त्यांना भेटू दिलं नाही. दिलेल्या कागदपत्रांवरून आजार सिद्ध होत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. २९ डिसेंबर २००९ रोजी त्यांना मृत्युदंड दिला गेला. हे होणार, हे त्यांना आदल्या दिवशी कळलं. तेही भेटायला आलेल्या नात्यातल्या दोघांकडून.

तपासणी नाकारली हा अन्यायच होता, असं माझं स्पष्ट मत आहे. पण परक्या देशातलं न्यायालय तुमच्या आमच्या हातात नाही. घरचे कागद हातात आहेत.

अटकेनंतर आणलेला दाखला सरकारी वकील सहज उडवून लावतो. सुटकेसाठी बनवून घेतला, म्हणतो. अटकेच्या चार वर्षं आधीचा केसपेपर असा उडवून लावणं अवघड जातं. म्हणून आजच्या आज एक फाइल करा.

पहिला केसपेपर, डॉक्टरांच्या सगळ्या चिठ्ठ्या, कधी ॲडमिट केलं असेल तर डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, सगळं तारखेवार लावा. जुने कागद हरवले असतील तर दवाखान्यात अर्ज करा. पेशंटला आपल्या उपचारांचे कागद मिळण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिला आहे. येरवडा, ठाणे, रत्नागिरी, नागपूर इथली सरकारी मनोरुग्णालयं असोत की गोव्यातलं बांबोळीचं, अर्ज पेशंटच्या सहीने द्या आणि पोच घ्या.

मग डॉक्टरांकडून इंग्रजीत एक पत्र घ्या. त्यात आजाराचं नाव असतंच. पण आजार वाढला की हा माणूस कसा वागतो, हेही लिहायला सांगा. त्याला काय खरं वाटतं? तो कोणावरही विश्वास टाकतो का? रात्र रात्र झोपत नाही का? न्यायाधीशाला हेच कळायला हवं असतं. 'यांना अमुक गोळी चालू आहे' एवढ्याने काही सिद्ध होत नाही.

सगळ्याचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. मूळ फाइल घरीच राहू द्या.

आता आपल्या घराघरांतली एक गोष्ट बोलतो. आपण हा आजार लपवतो. बहिणीचं लग्न मोडेल, लोक वेडा म्हणतील, नोकरी जाईल, ही भीती खरी आहे. तिला मी हसणार नाही. म्हणून आपण गावापासून लांबच्या डॉक्टरकडे जातो, रोख पैसे देतो, आणि घरी आल्यावर चिठ्ठी फाडून टाकतो. काही घरांत तर आजार म्हणायलाही कोणी तयार नसतं. बाहेरचं आहे म्हणून अंगारे-धुपारे करण्यात वर्षं जातात. त्या वर्षांचा कागद कुठून आणणार? गावाला सांगू नका हवं तर. शेजाऱ्यांना सांगू नका. पण डॉक्टरला सांगा, आणि चिठ्ठी फाडू नका.

जाणाऱ्याचाही या फाइलवर विश्वास बसायला हवा. मला काही झालेलं नाही, असं तो म्हणेल. या आजारात तसं वाटतंच. त्याच्याशी वाद घालू नका. 'फाइल माझ्या समाधानासाठी,' एवढंच म्हणा.

गोळ्यांचं आधी बघा. झोपेच्या आणि मन शांत करणाऱ्या काही गोळ्यांवर आखाती देशांत कडक नियम आहेत. कुठे आधी परवानगी काढावी लागते. त्या देशाच्या वकिलातीकडून खात्री करून घ्या. गोळ्या मूळ पाकिटातच न्या, सोबत चिठ्ठी ठेवा. पण विमानतळावर अडवतील या भीतीने औषध बंद करू नका. लिथियमची गोळी चालू असेल तर तिथल्या उन्हाबद्दल डॉक्टरांशी बोला. खूप घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं तर ते औषध अंगावर येतं. सलग रात्रपाळ्यांनी झोप मोडली तरी काहींचा आजार उसळतो.

दुसऱ्याची बॅग घ्यायची नाही. ती एजंटची असो, मित्राची असो, आत्याची असो. २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं नातेवाइकाने दिलेलं पाकीट घेऊन कतारला गेलं. त्यात चरस निघालं आणि दहा वर्षांची शिक्षा झाली. २०२१ मध्ये ती दोघं निर्दोष सुटली, पण तोवर त्यांचं लेकरू तुरुंगातच जन्माला आलं होतं. शहाणीसुरती माणसं अशी फसतात. मग कोणी थोडं कौतुक केलं की हुरळून जाणारा तुमचा मुलगा किती सहज फसेल? त्याच्याकडून हे पाठ करून घ्या: माझी बॅग मी भरणार, दुसऱ्याचं काही घेणार नाही.

आणखी एक वाक्य त्याला पाठ हवं: 'माझ्या दूतावासाला कळवा.' १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अटक झालेल्या परदेशी माणसाला तसं मागण्याचा हक्क आहे. पण बऱ्याच ठिकाणी त्याने स्वतः मागितल्याशिवाय कळवत नाहीत. आजारी माणूस गोंधळून गप्प बसतो, आणि न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करून मोकळा होतो. सही करण्याआधी दुभाषा मागायचा, हेही त्याला सांगून ठेवा.

अटकेचा फोन आलाच तर त्याच दिवशी भारतीय दूतावासाला लेखी कळवा. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर जपून ठेवा. पहिल्याच पत्रात लिहा की हा माणूस मनाच्या आजाराचा पेशंट आहे, त्याची मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी करा आणि त्याची औषधं बंद करू नका. हे पुढे वकील बघेल, म्हणून थांबू नका. खटला उरकल्यावर आजाराचं सांगितलं की कोणी ऐकत नाही. गरजू माणसाच्या वकिलाच्या खर्चासाठी दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. तो मागायला लाजू नका. आणि पकडलेल्या माणसाला कधीही नाटक करायला शिकवू नका. एक खोटं उघडं पडलं की खरा आजारही खोटा ठरतो.

एवढं करूनही खात्री देता येत नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. नागेंद्रन धर्मलिंगम या मलेशियाच्या तरुणाचा बुद्ध्यांक तपासणीत ६९ आला होता. तरी ४२.७२ ग्रॅम हेरॉइनसाठी सिंगापूरने त्याला २७ एप्रिल २०२२ रोजी फाशी दिली. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. ब्राझीलचे रॉद्रिगो गुलार्ते यांना स्किझोफ्रेनिया असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांना इस्पितळात हलवा म्हणून घरच्यांनी जिवाचं रान केलं. तरी २९ एप्रिल २०१५ रोजी इंडोनेशियाने त्यांना गोळ्या घातल्या. आपल्याला मारणार आहेत हे त्यांना अगदी शेवटपर्यंत उमगलं नव्हतं, असं त्यांच्यासोबत असलेल्या धर्मगुरूंनी नंतर सांगितलं.

त्याच रात्री तिथेच फिलिपाइन्सच्या मेरी जेन व्हेलोसो यांनाही मारायचं ठरलं होतं. त्यांना आजार नव्हता. आपल्याला फसवून बॅग दिली, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्या बाईने त्यांना परदेशी पाठवलं असा आरोप होता, ती तिकडे फिलिपाइन्समध्ये पोलिसांपुढे हजर झाली आणि इंडोनेशियाने ऐन वेळी शिक्षा थांबवली. डिसेंबर २०२४ मध्ये मेरी जेन मायदेशी परतल्या. म्हणून दूतावासाला पत्र पाठवून झालं की आपल्या गावच्या पोलीस ठाण्यातही जा. ज्या एजंटने पाठवलं, ज्याने बॅग दिली, त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार द्या. त्याचे मेसेज, पैसे दिल्याच्या पावत्या, फोन नंबर जोडा. पोच घ्या आणि तिची प्रत दूतावासाला व तिथल्या वकिलाला पाठवा. एजंट ओळखीचा, भावकीतला असला तरी तक्रार द्या.

सध्या घरात कोणाचं वागणं बदललेलं दिसत असेल, पण कुठल्या डॉक्टरकडे जावं कळत नसेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा. व्हिसा येण्याआधी करा.