वजीर एकटाच पळतोय

चंद्रपूर-गडचिरोलीत खो-खो खेळणाऱ्या पोरांना आता वजीर हवाय. साहजिक आहे. 2022 साली पुण्याच्या बालेवाडीतली अल्टिमेट खो-खो लीग सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. मैदानात नऊऐवजी सात गडी, आणि त्यातला एक वजीर, म्हणजे आक्रमणात हव्या त्या दिशेला वळू शकणारा. इतरांना ती मुभा नाही; एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत तीच.

माझं भांडण वजिराशी नाही. सगळ्यात वेगवान पोरगा उचलून वजीर करायचा आणि उरलेल्या सहांनी पाटीवर बसून गंमत बघायची, या खुळाशी आहे.

जुन्या खेळात संरक्षक पाठीमागे निसटला की पळणाऱ्याकडे एकच उपाय: खो. म्हणून बसलेले आठही जण टाच उचलून तयार असतात. वजिराला वळता येतं, म्हणून त्याला खो द्यावासाच वाटत नाही. तो एकाच गड्यामागे वळत राहतो. संरक्षकाला हेच तर हवं असतं! सात मिनिटांच्या डावात दुसऱ्याच मिनिटाला वजिराला धाप लागते, आणि पाटीवरचे थंड पडलेले असतात.

वजीर गडी मारायला नव्हे, कोंडायला वापरा. त्याने अचानक उलटं वळून संरक्षकाला खांबाकडे रेटावं आणि त्या बाजूला तोंड करून बसलेल्याला खो द्यावा. मारेल तो. खो दिला की वजीरही बसतो, आणि त्याला पुन्हा उठवायला कुणाचा तरी खोच लागतो. म्हणजे तो कुठल्या पाटीवर जाऊन बसतो, याला त्याच्या वेगापेक्षा जास्त किंमत आहे.

झाडीपट्टीत हे सांगावं लागू नये खरं तर. वडशाच्या कंपनीने मुंबईचा नट आणला तरी रात्रभर नाटक ओढतात ते बाकीचेच.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आपण त्याच्या रील्स बघतो. रीलमध्ये सूर दिसतो. त्याआधीचे चार खो कापलेले असतात.

भामरागड-एटापल्लीकडच्या आश्रमशाळेत मॅट नसेल, पण दोन खांब आणि चुन्याच्या रेषा या खेळाला पुरतात. तिथे वजीर निवडायला शंभर मीटरची शर्यत लावली, तर पाटीवर बसून अख्खं मैदान वाचणारी पोरगी पहिल्याच दिवशी बाहेर जाईल. गुरुजी, शर्यतीआधी तिला एक डाव वजीर करून बघा.