पांढुर्ण्याची गणना मराठीतही व्हावी

२०२७च्या जनगणनेत मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या मराठी बोलणाऱ्या मजुरांना प्रश्न मराठीतूनच विचारले जावेत, ही आमची स्पष्ट भूमिका आहे. गोंड, कुणबी, पवार, बौद्ध वस्त्यांतली बाई कधी कापूस वेचते, कधी संत्र्याच्या पेट्या भरते. पण हिंदीतून घाईने विचारले की ‘घरीच असते’ म्हणून मोकळी होते. कागदावर ती बिनकामाची ठरते.

ऑक्टोबर २०२३मध्ये झालेल्या पांढुर्णा जिल्ह्याची ही पहिलीच शिरगणती. इथे चुकलेला आकडा पुढच्या प्रत्येक योजनेत चुकतच जाईल. गणना फेब्रुवारीत आहे आणि तेव्हाच संत्र्याच्या मृग बहाराची तोडणी असते, दिवसा दारांना कुलपे असतात. जिल्हा प्रशासनाने मराठी जाणणारे प्रगणक नेमावेत आणि त्यांना संध्याकाळी वस्त्यांवर, बोरगाव औद्योगिक क्षेत्रातल्या कामगारांच्या खोल्यांवर पाठवावे.